वणव्याचा मेसेज आला, पुढं काय? डोंगरकाठच्या गावांसाठी उपग्रह आणि एआय वापरण्याची पायरीवार माहिती

ज्यांच्या शिवाराला डोंगर किंवा वनखात्याची हद्द लागून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गौताळ्याच्या पायथ्याची कन्नड-सोयगावची गावं, किनवट-माहूरचा सागवानी पट्टा, येडशीचा रामलिंग घाट, बीडच्या बालाघाटातले गवताळ माळ. बाहेरच्यांना मराठवाड्यात जंगल आहे हेच पटत नाही, पण फेब्रुवारी संपता संपता रात्री अंगणात उभं राहिलं की डोंगरावरची लाल रेघ आपल्याला दिसते.

आमच्या गावात आम्ही काही जणांनी मिळून मोबाईलवर येणारे उपग्रहाचे इशारे, एआय चॅटबॉट आणि साधी फोनाफोनी यांची घडी बसवली. बसवताना जिथं जिथं गोंधळ झाला, ते सगळं इथं मांडतो. कोडिंग यायची गरज नाही. स्मार्टफोन, गूगल शीट उघडता येणं आणि शेळ्या वळणाऱ्या माणसाशी ओळख, एवढ्यावर भागतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. वणवा बहुतेक वेळा सगळ्यात आधी माणसालाच दिसतो. उपग्रह आणि एआय यांचा उपयोग दोन ठिकाणी: जिथं कुणाची नजर नाही तिथली आग कळणं, आणि कळलेली गोष्ट योग्य माणसापर्यंत गावच्या भाषेत पटकन पोचणं. यातलं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याकडंच सगळे दुर्लक्ष करतात.

## १. आधी आपल्या शिवारात आग लागते कशी, ते लिहून काढा

ॲप डाऊनलोड करायच्या आधी वही घ्या. आपल्याकडचे वणवे बहुतांशी माणसाच्या हातून लागतात, आणि प्रत्येक पट्ट्याचं कारण वेगळं असतं. किनवट-माहूरकडं मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूला नवी पालवी चांगली यावी म्हणूनही आग लावतात. त्यात सागाची पानगळ, म्हणजे खाली पायभर वाळलेला पाला तयारच. गौताळ्याकडं आणि बालाघाटात कुसळी गवत जाळलं की पावसाळ्यात चारा जोमानं येतो, ही समजूत पक्की आहे. आणि सगळीकडं सारखं असलेलं कारण म्हणजे धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवणं. माणूस धुऱ्याला काडी लावून जेवायला घरी जातो आणि वारा उरलेलं काम करतो.

गेल्या काही वर्षांत कुठं, कोणत्या महिन्यात, साधारण किती वाजता आग लागली, हे गुराख्यांना आणि वनमजुरांना विचारून लिहा. यातून तीन-चार जागा हमखास निघतात. पुढचं सगळं त्या जागांभोवती बांधायचं आहे.

## २. कागद आणि सामान

- गावनकाशा. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गटाप्रमाणे मिळतो. तालुक्याला जाऊन मोठ्या कागदावर प्रिंट काढा.
- आपल्या हद्दीतल्या वनाचे कक्ष क्रमांक (वनखात्यानं पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांचे नंबर) आणि नियतक्षेत्राचं, म्हणजे वनरक्षकाच्या बीटचं, नाव. वनरक्षकाकडून घ्या. वनखात्याशी बोलताना गट नंबर सांगून उपयोग होत नाही, त्यांना कक्ष क्रमांक कळतो.
- वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी, पोलीस पाटील, तलाठी, टँकरवाले आणि ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं अशा शेतकऱ्यांचे फोन नंबर.
- ग्रामसभेचा किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा ठराव. टीममध्ये कोण आहे आणि बोलवायचा अधिकार कुणाला, एवढं त्यात असलं तरी पुरे. ठराव नसला की पहिल्याच भांडणात टीम फुटते.
- एक जीमेल खातं, टीमच्या नावानं. कुणाच्या खासगी खात्यावर यंत्रणा उभी करू नका. तो पुण्याला नोकरीला गेला की इशारेही त्याच्याबरोबर पुण्याला जातात.
- जीपीएस मॅप कॅमेरा ॲप. तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवरच छापणारं. ग्रामपंचायतीच्या कामांचे फोटो यातच काढतात, त्यामुळं गावात कुणाकडं तरी असतंच.
- डोंगरासाठी: सोळा लिटरचे बॅटरीवरचे फवारणी पंप, कुऱ्हाडी, जाड तळव्याचे बूट, पाण्याचे कॅन. कपाशीवर फवारलेला पंप आणण्याआधी तीन पाण्यांनी धुऊन घ्या.

## ३. गावच्या नावांचा तक्ता बनवा

ही पायरी कुठल्याच सरकारी पुस्तिकेत नसते, आणि हिच्याशिवाय बाकी सगळं फोल आहे.

उपग्रहाचा इशारा अक्षांश-रेखांशात येतो. रात्री एक वाजता कुणाला "२०.३१२४, ७५.१८७६ ला आग आहे" म्हणून उठवा, तो कूस बदलून झोपेल. "भुताच्या आंब्याच्या वरल्या अंगाला पेटलंय" म्हणा. तो चप्पल शोधायला लागेल.

म्हणून एका म्हाताऱ्या गुराख्याला आणि एका तरुण पोराला बरोबर घ्या आणि शिवार फिरा. प्रत्येक ओळखीच्या जागेवर थांबून मोबाईलमधलं ठिकाण टिपा: खिंडी, पाणवठे, देवस्थानं, जुनी झाडं, जाळरेषांची (आग अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांची) टोकं, एकाकी वस्त्या, तांडे. गूगल शीटमध्ये चार रकाने करा. जागेचं नाव, अक्षांश, रेखांश, आणि तिथवर काय जातं: ट्रॅक्टर, मोटारसायकल की फक्त पाय. चाळीस-पन्नास नावं निघाली तर उत्तम.

फसगत होते ती रकाने उलटे पडल्यानं. आपल्याकडं अक्षांश साधारण १७ ते २१ आणि रेखांश ७५ ते ७८ च्या आसपास. उलटे लिहिलेत तर कन्नडचा वणवा नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पेटतो. दशांशाचे अंकही कापू नका. तिसऱ्या स्थानावरचा एक अंक हुकला तर साधारण शंभर-एकशे दहा मीटर हुकतात.

## ४. इशारे सुरू करा: देशी आणि परदेशी, दोन्ही

पहिला स्रोत भारतीय वन सर्वेक्षण संस्था, डेहराडून. ही संस्था २००४ पासून उपग्रहावरून वणव्याचे इशारे देते. त्यांच्या वन अग्नी नावाच्या संकेतस्थळावर मोबाईल नंबर नोंदवून आपला भाग निवडला की एसएमएस येतात. एसएमएस असल्यामुळं इंटरनेट लागत नाही, आणि माहूरच्या घाटात ही मोठी गोष्ट आहे. इथल्या इशाऱ्यासाठी उपग्रहाची माहिती हैदराबादजवळ शादनगरच्या केंद्रात उतरते.

दुसरा स्रोत नासाचा, फर्म्स नावाचा. गूगलवर "नासा फर्म्स फायर मॅप" असं शोधलं की नकाशा उघडतो. त्यात ईमेल इशाऱ्याची सोय आहे. ईमेल टाका, नकाशावर चौकोन काढा, आणि मेलवर आलेल्या दुव्यावर क्लिक करून नोंदणी पक्की करा. हा शेवटचा क्लिक राहून जातो आणि लोक महिनाभर इशाऱ्याची वाट बघत बसतात.

चौकोन किती मोठा काढायचा? मोह होतो अख्खा तालुका घेण्याचा. घेऊ नका. गावाची हद्द आणि भोवतीचे तीन-चार किलोमीटर, बस. तालुका घेतलात की ऊसतोड संपल्यावर पाचट पेटवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचा मेसेज येतो, आठवडाभरात सगळे ग्रुप म्यूट करतात, आणि खरी आग त्या म्यूटमध्ये जळून जाते.

## ५. ठिपका वाचायला शिका

नकाशावर लाल ठिपका दिसला की ग्रुपवर "आग लागली, पळा" असा आवाज ऐकू येतो. जरा थांबा. ठिपक्याचा अर्थ लावणं ही या सगळ्यातली खरी विद्या आहे आणि एका दुपारी शिकता येते.

ठिपका म्हणजे जागा नव्हे, चौकोन. व्हीआयआयआरएस नावाचा सेन्सर ज्या नजरेनं बघतो, त्याचा एक चौकोन ३७५ मीटर बाजूचा असतो. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ पस्तीस एकर. ठिपका त्या चौकोनाच्या मध्यावर मांडलेला असतो. आग त्या पस्तीस एकरांत कुठंही असू शकते, आणि उपग्रह तिरका बघत असेल तर चौकोन आणखी पसरतो. मोडिस नावाचा जुना सेन्सर तर एक किलोमीटरचा चौकोन घेतो. दोन ठिपके म्हणजे दोन आगी असंही नाही. एकच लांबलचक आग चार ठिपके देते.

इथून गावात भांडणं लागतात. ठिपका अमक्याच्या गटावर पडला, म्हणजे त्यानंच पेटवलं, असं कुणीतरी ग्रुपवर लिहितं. पस्तीस एकरांत सहा-सात जणांचे गट येतात. त्यामुळं आमच्या ग्रुपचा एक नियम आहे: ठिपक्यासोबत कुणाचं नाव किंवा गट नंबर लिहायचा नाही, फक्त जागेचं नाव. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, तपास वनखात्याचा आहे. ग्रुपवर आरोप झाला की दुसऱ्या वेळी तो माणूस आणि त्याची भावकी विझवायला येत नाही, आणि आपल्याला माणसं हवी असतात.

वेळ भारतीय नसते. फर्म्सच्या तक्त्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. तक्त्यात ०७५२ असेल तर आपल्याकडं दुपारचे १ वाजून २२ मिनिटं. शीटमध्ये उघडताना पुढचा शून्य गळतो आणि नुसतं ७५२ दिसतं, तेही लक्षात ठेवा. २०१० असेल तर? रात्रीचे १.४०, आणि तारीख पुढची. ही तारीख उलटणं नजरेतून सुटलं की कालचा वणवा आज शोधत डोंगर चढावा लागतो.

उपग्रह सतत बघत नसतो. व्हीआयआयआरएस बसवलेले तीन उपग्रह आहेत: सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१. तिन्ही आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आगेमागे जातात. म्हणजे दुपारी चारला धुऱ्यावरून सुटलेली आग या उपग्रहांना मध्यरात्र उलटल्याशिवाय दिसत नाही. त्यातही नासाची माहिती नकाशावर यायला तीन तासांपर्यंत लागू शकतात. म्हणून "मेसेज आला नाही, म्हणजे आग नाही" हे वाक्य गावात कुणी बोललं तर तिथल्या तिथं खोडून काढा. ढग, दाट झाडी, छोटी धुमसणारी आग यांमुळंही ठिपका चुकतो.

सगळी उष्णता म्हणजे वणवा नव्हे. वीटभट्टी, पेटवलेलं पाचट, परळीसारखं औष्णिक वीज केंद्र, जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या, हे सगळं उपग्रहाला उष्णच दिसतं. ठिपका रोज त्याच जागी येत असेल तर ती भट्टी समजा. आमच्याकडं एक ठिपका रात्री हटकून उमटायचा. जाऊन बघितलं तर नवीन वीटभट्टी. अशा जागांची यादी तुमच्या शीटमध्ये वेगळ्या पानावर ठेवा.

प्रत्येक ठिपक्याला विश्वासाची पातळी जोडलेली असते: व्हीआयआयआरएसला कमी, मध्यम, जास्त, मोडिसला शंभरपैकी टक्के. कमी पातळीचा ठिपका आला तर माणूस पाठवण्याआधी समोरच्या वस्तीवर फोन करून "धूर दिसतो का" एवढं विचारा.

आणि जाता जाता: ठिपके शोधण्याचं हे गणित मूळचं एआय नाही. शेजारच्या चौकोनांपेक्षा हा चौकोन किती जास्त तापलाय, याची ती तुलना आहे. हल्ली कशालाही एआय म्हणून विकतात, म्हणून सांगितलं.

## ६. चॅटबॉटला कामाला लावा, पण कामं वाटून

चॅटजीपीटी, जेमिनाय वगैरे चॅटबॉट मराठी समजतात, बोलूनही चालतं. पण त्यांच्याकडून कोणतं काम घ्यायचं आणि कोणतं नाही, हे आधी ठरवा.

सगळ्यात कामाचा उपयोग म्हणजे शीटचं सूत्र लिहून घेणं. नवखे लोक काय करतात, ठिपक्याचे आकडे आणि गावच्या नावांचा तक्ता चॅटबॉटमध्ये चिकटवतात आणि विचारतात, "सगळ्यात जवळची जागा कोणती?" तो उत्तर देतो, छातीठोकपणे देतो, आणि कधीकधी साफ चुकीचं देतो. त्याला गणित सांगू नका. गणिताचं सूत्र मागा. आम्ही असं लिहिलं:

"माझ्या गूगल शीटच्या 'जागा' या पानावर अ रकान्यात नाव, ब मध्ये अक्षांश, क मध्ये रेखांश आहे. 'ठिपके' या पानावर ब आणि क मध्ये ठिपक्याचे अक्षांश-रेखांश आहेत. प्रत्येक ठिपक्यासमोर सगळ्यात जवळच्या जागेचं नाव, अंतर मीटरमध्ये आणि दिशा दाखवणारं सूत्र लिही. दुसऱ्या सूत्रानं तारीख आणि वेळ भारतीय वेळेत बदल, तारीख उलटत असेल तर तीही. प्रत्येक सूत्र कुठल्या खान्यात टाकायचं ते मराठीत सांग."

एकदा सूत्र बसलं की पुढं चॅटबॉटची गरजच नाही. आकडे टाकले की शीट सांगते "भुताचा आंबा, ४२० मीटर, ईशान्य". सूत्र तपासायचं कसं? ज्या जागेचं नाव तक्त्यात आहे, तिचेच आकडे ठिपका म्हणून टाका. अंतर शून्य यायला हवं. मग दोन ओळखीच्या जागांमधलं अंतर काढा आणि गूगल नकाशावर मोजून ताडा. जुळलं नाही तर चॅटबॉटला तसं सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सुधारतो.

दुसरा उपयोग लिखापढीचा. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला जाळरेषा काढण्याचं स्मरणपत्र, ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा, टीमच्या पाळ्यांचा तक्ता. चॅटबॉटची सरकारी मराठी चांगली असते, आपल्यापेक्षा चांगली. फक्त कायद्याची कलमं त्यानं घातली असतील तर ती पडताळल्याशिवाय ठेवू नका.

तिसरा, सूचना लोकांच्या बोलीत नेणं. इथं माझं मत जरा वेगळं आहे. प्रमाण मराठीतून हिंदी-तेलुगू भाषांतर ठीक होतं. किनवटच्या सीमेवर तेलुगूची गरजही पडते. पण बंजारा तांड्यावर गोरमाटीत किंवा कोलामांच्या वस्तीवर, म्हणजे पोडावर, कोलामीत सांगायचं असेल तर मशिनच्या नादी लागू नका. त्याच वस्तीतल्या बाईच्या किंवा पोराच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा ऑडिओ रेकॉर्ड करून घ्या. ओळखीचा आवाज आला की लोक ऐकतात. अनोळखी आवाज आला की बँकेचा फोन समजून कापतात.

आता काय विचारायचं नाही. आपत्कालीन फोन नंबर चॅटबॉटला विचारू नका. तो दुसऱ्या राज्याचा किंवा कधी अस्तित्वातच नसलेला नंबर बिनदिक्कत देतो. महाराष्ट्र वनविभागाची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन १९२६, सर्वसाधारण आपत्कालीन ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. हे तीन भिंतीवर रंगवा. "आत्ता आमच्या डोंगरावर आग आहे का" हेही विचारू नका, त्याला डोंगर दिसत नाही. आणि आग समोर असताना "कोणत्या बाजूनं जाऊ" हे तर मुळीच नाही.

वाऱ्याच्या अंदाजाबाबत थोडं सांगतो. युरोपच्या हवामान केंद्रानं एआयएफएस नावाचं एआय-आधारित प्रारूप फेब्रुवारी २०२५ पासून रोजच्या वापरात आणलं आहे. उद्या दुपारी वारा साधारण कुठून आणि किती, यासाठी असे अंदाज चांगले. पण त्या प्रारूपाचा एक चौकोन पंचवीस-तीस किलोमीटरचा असतो. तुमच्या खिंडीत वारा कसा फिरतो, हे त्या चौकोनात मावत नाही. ते गुराख्याला ठाऊक असतं.

## ७. फोनची साखळी

इशारा एकाकडं येतो, पण पळायचं दहा जणांना असतं. व्हॉट्सॲप ग्रुप ठेवा, पण त्यावर विसंबू नका. रात्री दीडनंतरचा ठिपका बघायला कुणीतरी जागं लागतं, म्हणून वणव्याच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, आठवड्याची पाळी लावा. पाळीवाल्यानं पहाटे पाचला उठून एकदा नकाशा बघायचा. रात्रभर जागायची गरज नाही. पहाटे वारा पडलेला असतो आणि आग विझवायला ती वेळ सगळ्यात सोपी.

पाळीवाला तिघांना फोन करणार, ते तिघं प्रत्येकी तिघांना. रेंज नसलेल्या वस्तीसाठी मोटारसायकलवरचा माणूस आधीच ठरवा. मंदिराचा भोंगा वापरायची परवानगी विश्वस्तांकडून हंगामाआधी घ्या.

ग्रुपवरचा मेसेज ठरलेल्या साच्यातच:

"वणवा. जागा: भुताचा आंबा, वरली बाजू. दुपारी २.१०. वारा गावाकडं. डोळ्यांनी पाहिलं: हो. वनरक्षकाला फोन: झाला. १९२६: झाला. जमायचं: मारुती पार."

"डोळ्यांनी पाहिलं" ही ओळ कधीही गाळू नका. हल्ली जुने व्हिडिओ आणि एआयनं बनवलेली आगीची चित्रं फिरतात. दुसऱ्या राज्यातल्या देवदारांच्या जंगलाचा व्हिडिओ "गौताळा पेटला" म्हणून ग्रुपवर येतो. आपल्याकडं देवदार नाहीत, हे लक्षात यायला वेळ लागू नये, पण घबराटीत लागतो. शंका आली तर फोटो गूगल लेन्समध्ये टाका, मूळ जागा बहुधा सापडते. आणि जीपीएस मॅप कॅमेऱ्याचा फोटो नसेल तर टीमनं हलायचं नाही, हा नियम करा.

## ८. एआय कॅमेरा विकायला माणूस आला तर

येणार. टेकडीवर कॅमेरा, तो धूर ओळखतो, मोबाईलवर इशारा देतो. तंत्र खरं आहे. कॅलिफोर्नियात हजाराहून जास्त कॅमेऱ्यांच्या जाळ्यावर असं धूर ओळखणं चालतं, आणि आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पातही २०२४ मध्ये अशी यंत्रणा बसली. पण ती व्याघ्र प्रकल्पाची गोष्ट आहे, तिथं चोवीस तास पडद्यासमोर माणूस असतो. एका ग्रामपंचायतीनं एकट्यानं हा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत. तरी घ्यायचाच झाला तर विचारा: ट्रॅक्टरमागची धूळ आणि धूर यांत फरक कळतो का, आणि तो आपल्याच माळावर चाचणी घेऊन दाखवणार का? वीज गेली तर? दुसऱ्या वर्षापासून शुल्क किती? पहिल्या दोन प्रश्नांवर विक्रेता "सॉफ्टवेअर अपडेट होतंय" म्हणाला की चहा पाजून रवाना करा.

ड्रोनचंही तेच. लग्नाचं शूटिंग करणारा ड्रोनवाला प्रत्येक तालुक्यात आहे आणि आगीची कड बघायला ड्रोन खरंच उपयोगी पडतो. पण गौताळा, येडशी-रामलिंग ही अभयारण्यं आहेत; वनखात्याच्या परवानगीशिवाय उडवलात तर वणव्याची केस राहील बाजूला.

## ९. आगीवर जाताना

इथं मोबाईल खिशात. म्होरक्या वनरक्षक, तो पोचला नसेल तर ठरावात नाव असलेला माणूस.

आग चढाला धावते, म्हणून आगीच्या वर कधीही उभं राहायचं नाही. कडेनं आणि मागून विझवत यायचं. जळून गेलेली काळी जागा सुरक्षित, पळायचं झालं तर तिकडं. सुती कपडे, नायलॉनचा टी-शर्ट अंगाला चिकटतो. जोडीजोडीनं जायचं आणि पोरासोरांना खालीच ठेवायचं. गवताच्या आगीवर पळसाच्या हिरव्या डहाळ्या आणि फवारणी पंप चांगले चालतात. पालापाचोळ्यासाठी वनखात्याकडं ब्लोअर असतात, ते पुढचा पाला उडवून वाट तोडतात. समोरून आग लावून वणवा अडवायचा प्रकार फक्त वनखात्याच्या माणसांनी करायचा. एकानं खाली थांबून वर कोण कोण गेलं, ते नावानिशी लिहायचं आणि उतरल्यावर खूण करायची.

वनातून सरपण, चराई, मोहफुलं असे हक्क घेणाऱ्यांवर आगीची खबर देण्याची आणि विझवायला मदत करण्याची जबाबदारी वन अधिनियमाच्या कलम ७९ नं टाकलेलीच आहे. "वनखात्याचं जंगल, त्यांनी बघावं" म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा.

## १०. विझल्यावर

शेत, गोठा, कडब्याची गंज, ठिबकच्या नळ्या जळल्या असतील तर राख हलवायच्या आधी जीपीएस मॅप कॅमेऱ्यानं फोटो, आणि त्याच दिवशी तलाठ्याला लेखी अर्ज. सोबत सातबारा, आधार, बँक पासबुकाची प्रत. पंचनामा झाला की त्याची एक प्रत मागून घ्या; न मागता मिळत नाही.

जळालेलं क्षेत्र नकाशावर दाखवायचं असेल तर उपग्रहाची चित्रं दाखवणारं कोपर्निकस ब्राउझर हे युरोपचं संकेतस्थळ फुकट आहे. त्यात सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं साधारण पाच दिवसांनी नवी येतात. एसडब्ल्यूआयआर नावाचा तयार पर्याय निवडला की जळका भाग गडद तपकिरी उठून दिसतो. आपल्याकडची खास अडचण अशी की नांगरलेली काळी जमीनही तशीच गडद दिसते. म्हणून आगीच्या आधीचं आणि नंतरचं, अशी दोन चित्रं शेजारी ठेवूनच हद्द आखा. हा नकाशा वनपालाला दिलात तर पुढच्या वर्षी जाळरेषा कुठं रुंद करायची, यावर आकड्यांनिशी बोलता येतं.

हंगाम संपला की नंबरांची यादी बाजूला पडते. वनरक्षकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या बहुधा उन्हाळ्याच्या शेवटीच होतात. दिवाळीनंतर यादीतला प्रत्येक नंबर एकदा लावून बघा, नव्या वनरक्षकाला शिवार फिरवून आणा आणि शीट त्याच्याही मोबाईलवर उघडते का ते तपासा. जानेवारीत, धुऱ्यांवरचं गवत वाळायच्या आत, एक खोटा ठिपका टाकून अख्खी साखळी चालवून पाहा. मारुती पारावर सगळे जमायला किती वेळ लागला, तो वहीत लिहा.